आप्पांच्या भाषेतली नामं

आप्पा,

तुमची वही बघायला परवा पुण्याहून एक मुलगी आली होती. भाषांचा अभ्यास करते म्हणाली. कुठल्याशा जुन्या मासिकात तिला तुमचा लेख सापडला, त्यावरून ती तुमच्या शिरूरच्या शाळेत गेली, तिथल्या शिपायाने तिला माझा दौंडचा पत्ता दिला. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्ही तयार केलेल्या त्या भाषेबद्दल मला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं, त्यामुळे मी निवांत होते. फोनवर ती मोठ्या आदराने म्हणाली, "मॅम, जगात ही भाषा बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच उरल्यात." मी फोन ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन दोनदा चूळ भरली. तोंडात काही नव्हतं. तरी भरली.

कोणाला सांगायची वेळ आली तर मी एवढंच सांगते, की आमचे वडील हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि फावल्या वेळात त्यांनी एक नवी भाषा रचली होती. लोकांना कौतुक वाटतं. एवढा विद्वान माणूस शिरूरमध्ये राहून गेला आणि आम्हाला पत्ता नाही, असं म्हणतात. मी मान हलवते आणि विषय बदलते. तुम्ही मराठी शिकवायचात, पण मराठीवर तुमचा मनापासून राग होता. घोडा घोड्याला होतो, मग राजा राज्याला का होत नाही? माणूस म्हणता म्हणता माणसाला, भाऊचा भावाला, पाऊसचा पावसात. "नामाला नुसता हात लावला की ते अंग चोरतं, ही काय भाषा झाली?" असं तुम्ही फळ्याशी उभे राहून म्हणायचात, आणि पोरं घाबरून वहीत तेही उतरवून घ्यायची. तुमच्या भाषेतलं नाम जागचं हलत नसे. सिल म्हणजे घर. दोन घरं असली की पुढे बि लावायचं, बिसिल. जास्त असली की रा, रासिल. विभक्ती मागे. सिलेत म्हणजे घरात, सिलाख घरातून, सिलीर घराचं, सिलोम घराला काही द्यायचं किंवा सांगायचं असलं तर, आणि घर नुसतं कर्म असलं तर सिलन. नाम मध्ये जसंच्या तसं, दावणीच्या खुंट्यासारखं. अनेक घरांमधून म्हणायचं तर रासिलाख. एकही अपवाद नाही. अपवाद ह्या शब्दाचाच तुम्हाला तिटकारा होता.

मी सहा वर्षांची असताना तुम्ही मला सायकलच्या कॅरियरवर बसवून शाळेत न्यायचात आणि वाटेत शिकवायचात. घोडनदीचा पूल येईपर्यंत एक नाम, पूल संपेपर्यंत त्याची तिन्ही वचनं, शाळेचं फाटक येईपर्यंत सगळ्या विभक्ती. सातव्या वर्षी मी त्या भाषेत भांडू शकत होते. दहाव्या वाढदिवसाला तुम्ही मला तुमच्या हाताने लिहिलेला शब्दकोश दिलात, लाल कापडात बांधलेला, अक्षर असं की छापील वाटावं. पानं उलटताना तुम्ही बोटाला थुंकी लावायचात. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरीचा आणि थुंकीचा मिळून एक डाग होता. तेव्हा मला तो दिसत नव्हता. आता त्या लाल कापडाची नुसती आठवण झाली तरी तो आधी दिसतो. शब्दकोश मात्र आता नाही. तुमच्या मागे माळ्यावर वाळवी लागली आणि तिने तो आतून पोखरला. मला वाईट वाटलं नाही. एक वही तेवढी तिच्यातून वाचली.

आता आईचं. आई भांडगावची, चौथी शिकलेली. ती हाय म्हणायची, न्हाई म्हणायची, तवा आणि जवा म्हणायची. तुम्ही काही सदाशिव पेठेत जन्मला नव्हतात. तुमच्या वडगाव रासाईच्या घरात तुमची आईदेखील तेच बोलायची, पण मास्तर झाल्यावर तुम्ही ते घासूनपुसून काढलंत. आई बोलायला लागली की तुम्ही डोळे अर्धवट मिटायचात, भाताच्या घासात खडा आल्यावर मिटावेत तसे. तिला तुम्ही कधी मारलं नाहीत, शिवी दिली नाहीत. गावात सगळे म्हणायचे, मास्तर देवमाणूस. आणि हा देवमाणूस रोज संध्याकाळी चुलीपुढे पाट टाकून बसायचा, समोर मला बसवायचा, आणि भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोक्यावरून दोन तास तिला न कळणाऱ्या भाषेत बोलायचा. शाळेबद्दल, शेजाऱ्यांबद्दल. कधी तिच्याबद्दल. आमटीत आज मीठ जास्त आहे, हे सांगायलासुद्धा तुम्हाला तिची भाषा नको होती, आणि मी हसायचे. द्विवचनावर तुमचं विशेष प्रेम होतं. मी आणि तुम्ही मिळून 'आपण' म्हणायचं तर बि लागायचं. घरात आपण तिघं होतो, पण रा लावून 'आपण' म्हटलेलं मला एकदाही आठवत नाही.

एकदा आईने प्रयत्न केला. तोव म्हणजे पाणी, हे तिने तुमच्यामाझ्या बोलण्यातून हेरलं होतं. तुम्ही जेवताना पाणी मागितलंत तर ती तांब्या पुढे करून, पदर सावरत, लाजत म्हणाली, "ह्ये घ्या तोव." मला ती अजून दिसते. कपाळावर घाम आहे, गालाला पीठ लागलंय, आणि पोरीने बक्षीस मिळवावं तसं तोंड केलंय. तुम्ही तांब्या घेतला नाहीत. "तोवन," म्हणालात. "घ्या म्हटल्यावर ते कर्म होतं. तोवन म्हण." ती गडबडली, मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पानी घ्या." त्यानंतर तिने तुमचा एकही शब्द तोंडातून काढला नाही.

आणि मग तो रविवार. चैत्र होता, ऊन मी म्हणत होतं. पुण्याहून तुमचे एक पाहुणे यायचे होते, भाषेतले मोठे जाणकार. त्यांनी तुमचा लेख वाचला होता आणि एखादं मूल ही भाषा खरोखर बोलतं का, हे त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं. आठ दिवस घरात त्याचीच तयारी चालली होती. आई पहाटे उठून पुरण शिजवत होती. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, डोक्यात अबोलीचा गजरा माळला होता. आपल्या लेकीला बघायला पुण्याचा माणूस येतोय, ह्यापलीकडे तिला काही कळत नव्हतं आणि तेवढं तिला पुरेसं होतं. तुम्ही पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर गेलात.

स्टँडवर काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. पुण्याची गाडी यायच्या आधी न्हावऱ्याकडची गाडी आली आणि तिच्यातून मामा उतरला, आईचा चुलतभाऊ. तो आपल्याकडेच यायला निघाला होता. तुम्हाला तिथेच बघून तो म्हणाला, "आबा पहाटं गेलं. आक्काला घिऊन चला. लेक आल्याबिगर उचलायचं न्हाई म्हनत्यात." आबा म्हणजे आईचे वडील. आपल्याकडे लेकीने तोंड बघितल्याशिवाय, तोंडात पाणी घातल्याशिवाय बापाला हलवत नाहीत, हे तुम्हाला कोणी सांगायला नको होतं. तुम्ही मामाला म्हणालात, "तुम्ही व्हा पुढे. मी तिला घेऊन आलोच." तो त्याच गाडीने परत फिरला. आणि तुम्ही सावलीत उभे राहून पुण्याच्या गाडीची वाट बघितलीत.

तुम्ही पाहुण्यांना घेऊन आलात. आई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली होती. मी नवा फ्रॉक घालून उभी होते. तुम्ही चपला काढल्यात, पेला हातात घेतलात, माझ्याकडे बघितलंत आणि अगदी साध्या आवाजात म्हणालात, "लेनीर कुव थाम." लेन म्हणजे आई, कुव म्हणजे वडील. आईचे वडील थांबले. मरण्याला तुम्ही अजून शब्द केला नव्हता. थाम आपण घड्याळाला वापरायचो, पावसाला वापरायचो. तरी मला कळलं. तुमच्या हाताच्या बोटांवरून कळलं असेल, ती पेल्याभोवती फार घट्ट होती. मग तुम्ही त्याच भाषेत म्हणालात, पाहुणे जाईपर्यंत बोलायचं नाही. मी विचारलं, आईला कधी सांगायचं? पण विचारताना माझं चुकलं. मी लेनन म्हणाले. तुम्ही एक बोट वर केलंत. "लेनोम," म्हणालात. "सांगायचं कोणाला? आईला. लेनोम."

मी म्हटलं, "लेनोम."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा, चूक दाखवली की लगेच पकडली. काय बोलणं झालं तुमचं?" तुम्ही हसून म्हणालात, "जेवण तयार आहे का ते आईला विचार, असं म्हटलं." आणि आई दारात उभी होती ती खुलून म्हणाली, "तयार हाय की. बसा म्हनावं त्येस्नी."

आप्पा, ते जेवण दोन तास चाललं. मी अंगात आल्यासारखी बोलत होते. पाहुणे ताटातली एकेक वस्तू दाखवत होते आणि मी तिची तीन वचनं आणि सगळ्या विभक्ती म्हणत होते. पोळी, दोन पोळ्या, पुष्कळ पोळ्या, पोळीतून, पोळीचं. आई गरम पोळीवर तुपाची धार धरत होती. आग्रह करत होती. तिचा बाप ओट्यावर पांढऱ्या कापडाखाली होता, लोक सावलीला बसून रस्त्याकडे बघत होते, आणि ती पाहुण्याला म्हणत होती, "आन् येक घ्या, माझ्या लेकीच्या हातची हाय म्हना." ती तुमच्याकडेही आली. तुम्ही दुसरी पोळी घेतलीत. मी ताटात बघत होते आणि मला ते दिसलं. तुम्ही दुसरी पोळी घेतलीत आणि ती मोडून आमटीत बुडवलीत. ह्या पत्रात मला जेवढी शिसारी आली आहे ती सगळी त्या एका घासाची आहे.

पाहुणे तीनला गेले. मग तुम्ही आईला म्हणालात, "भांडगावला जाऊन येऊ. आबांना बरं नाही म्हणून निरोप आलाय." ती तशीच निघाली. साडी बदलली नाही, गजरा काढला नाही. चौफुल्याला गाडी बदलताना तिने आबांसाठी द्राक्षं घेतली. आपण पोचलो तेव्हा ऊन कललं होतं आणि माणसं नदीवरून परत येऊन हातपाय धूत होती. उन्हाळ्यात किती वेळ ठेवणार? चार वाजेपर्यंत त्यांनी वाट बघितली होती. दारातल्या बायका आईच्या डोक्यातल्या गजऱ्याकडे बघायला लागल्या. तिच्या चुलतीने पुढे होऊन हातानेच तिचा गजरा ओरबाडला आणि म्हणाली, "अगं, बापाच्या मातीला फुलं माळून आलीस व्हय?" आई म्हणाली, "मला म्हाईतच न्हाई." मागून मामा म्हणाला, "म्हाईत न्हाई कसं? म्या सकाळी धा वाजताच दाजींस्नी ष्टँडावर सांगून गेलो की."

आईने तुमच्याकडे बघितलं. ओरडली नाही, छाती पिटली नाही. मग कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, पोरीला तरी ठाऊक असेल. तेव्हा आईने मला जवळ ओढून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या लेकराला ठावं असतं, तर तिनं मला सांगितलं असतं." माझं तोंड तिच्या कुशीत होतं. साडीला वेलदोड्याचा आणि तुपाचा वास येत होता, आणि मला पुरणाचा ढेकर आला.

तिला दोन गोष्टी लागून राहिल्या. एक, बापाचं तोंड दिसलं नाही. दुसरी, सुतक असताना तिने परक्या माणसाला गोडाधोडाचं वाढलं. दुसरीवर तुम्ही एकदा म्हणालात, हे सगळं थोतांड आहे. असेल. पण थोतांड कोणाचं मानायचं आणि कोणाचं नाही, हे त्या घरात कायम तुम्हीच ठरवलंत. त्यानंतर आईने पुरण शिजवलं नाही, होळीलाही नाही. विचारलं तर डाळ चांगली मिळत न्हाई म्हणायची. तुमचं सगळं केलं तिने. शेवटच्या दुखण्यात तुमचं अंग पुसलं, तुमची थुंकी पुसली. आणि तेव्हा गंमत अशी झाली की तुम्ही कण्हायला लागलात ते तुमच्या भाषेत नाही आणि शाळेतल्या मराठीतही नाही. "लई दुखतंय गं आय," म्हणून कण्हलात, वडगाव रासाईच्या बोलीत. मला दया यायला हवी होती. मला ओकारी आली, मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आई आता माझ्याकडे असते. ऐंशीची झाली. गुडघे गेलेत, कान मात्र तिखट आहेत. ती मुलगी परवा आली तेव्हा आई खिडकीशी बसून लसूण सोलत होती. मुलगी गोड होती, उगाच खोटं कशाला सांगू. तिने मोबाईल टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं आणि मला नामं चालवायला सांगितली. सिल, बिसिल, रासिल. सिलेत, सिलाख, सिलीर. चाळीस वर्षांत मी हे उच्चारलं नव्हतं, आणि ते कुठेही न अडखळता बाहेर आलं. ती म्हणाली, "किती क्लीन सिस्टीम आहे, मॅम." मग तिने ती वाचलेली वही उघडली आणि पानं उलटत एका ठिकाणी थांबली. वर तारीख होती, खाली तुमच्या भाषेतल्या चार ओळी. तिने बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचलं. "लेनीर. कुव. थाम."

खिडकीतला लसणाचा आवाज बंद झाला.

"लेन म्हणजे आई, ते आधी आलंय," मुलगी म्हणाली. "लेनीर, आईचा. कुव म्हणजे काय, मॅम?" शब्दकोश वाळवीने खाल्लेला. सांगणारी मी एकटी. मी म्हटलं, "पाहुणा." आणि थाम? "आला. आईचा पाहुणा आला." तिने ते नीट लिहून घेतलं. आता ते कुठेकुठे जाईल, कोण कोण वाचेल, आणि तुमच्या निर्दोष भाषेत कुव म्हणजे पाहुणा असं कायमचं राहील. तेवढाच एक सूड माझ्या हातून झाला, तोही भीतीने. ती गेल्यावर उरलेल्या ओळी मी वाचल्या. तुम्ही लिहिलंय की मुलीला वाक्य लगेच समजलं, दुःखाच्या प्रसंगीही भाषा टिकली, फक्त 'लेन'च्या विभक्तीत एक चूक. आबांबद्दल एक अक्षर नाही. आईबद्दल तेवढंच, तिच्या विभक्तीपुरतं. ते पान मी फाडलं.

संध्याकाळी आईने विचारलं. माझ्याकडे न बघता, सोललेल्या पाकळ्या वाटीत सारत. "त्या पोरीनं वाचलं त्ये ऐकलंय मी. माझा बाप गेला त्या दिशी ह्येंनी दारातच म्हनलं हुतं. तू काय बोलली हुतीस गं तवा?" मी म्हटलं, "जेवण तयार आहे का विचारत होते, आई. पाहुणे आले होते ना." तिने वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "व्हय. तुला ठावं असतं, तर तू सांगितलं असतंस."

हे सगळं मी तुम्हाला का लिहिते आहे, आप्पा, जे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही आणि आई घरात असताना टेबलावर ठेवायचंही नाही? आईचं आता वय झालंय, तिला धक्का सोसणार नाही, म्हणून मी गप्प आहे असं मी स्वतःला सांगते. आणि तेव्हा मी दहा वर्षांची होते, तुम्हाला घाबरत होते, असंही सांगत आले. पण तुम्हाला मी कधीच घाबरत नव्हते. तुम्ही माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाहीत. आई चार वेळा माझ्याजवळ पोळी घेऊन आली, चारही वेळा तिचा कान माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता, आणि मराठी मला येत होती. आबा गेले हे मला कळलं होतं. तरी पाहुणे घड्याळाकडे बघून उठायला लागले, तेव्हा मीच त्यांची बाही धरली आणि म्हटलं, अजून झाडाचं राहिलंय, झाडाचं विचारा ना.